आकार सगळ्यात शेवटी: कार्बनची वेगळी डाउनहिल फ्रेम डिझाइन करायला शिकताना

डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या शर्यतींच्या, सायकलची फ्रेम डिझाइन करायची, तीही कार्बन फायबरची (रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांचे थर रचून बनणारी) आणि आजवर कुणी केली नसेल अशी, या ओढीनं या क्षेत्रात येणारी मुलं-मुली मला नेहमी भेटतात. बहुतेकांकडे एक रेखाटन तयार असतं. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) गायब, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता भाग) एकाच बाजूला, मधोमध मोठी पोकळी. रेखाटन देखणं असतं, त्यात वाद नाही. मी ते बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, मागच्या चाकाला बसलेला दणका हेड ट्यूबपर्यंत (हँडलखालच्या पुढच्या नळीपर्यंत) कुठून जाणार? ती वाट कागदावर बोट फिरवून दाखवता आली, की आमचं पुढचं बोलणं सुरू होतं. कार्बनच्या फ्रेममध्ये आधी भाराची वाट ठरते, मग त्या वाटेवर धागा कसा पोचवायचा ते ठरतं, आणि आकार सगळ्यात शेवटी.

वेगळा विचार करायला डाउनहिलइतकी मोकळीक सायकलींच्या दुसऱ्या प्रकारात क्वचितच मिळते. रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींना यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा पारंपरिक त्रिकोणी आराखड्याचा नियम लागू असतो, डाउनहिलला तो नाही. चालवणारा जवळजवळ सगळा उतार पेडलवर उभा राहून काटतो, त्यामुळे सीटची उंची आणि सीट ट्यूब दोन्ही दुय्यम ठरतात. पुढे-मागे साधारण २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल), दुहेरी क्राउनचा फोर्क (हेड ट्यूबच्या वर आणि खाली दोन्हीकडे धरलेला पुढचा चिमटा), ६२-६३ अंशांच्या आसपासचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन), एवढं जमवलं की उरलेली जागा तुमची. २०१४ साली आलेल्या स्पेशलाइज्ड कंपनीच्या डेमो या कार्बन सायकलीची सीट ट्यूब एका बाजूनं चक्क उघडी होती, शॉक (मागच्या चाकाचे दणके झेलणारा भाग) त्या बाजूनं सहज हाताला लागायचा. त्याच्याही कितीतरी आधी न्यूझीलंडच्या ॲरन फ्रँकलिननं लाहार या सायकलीत कार्बनच्या कवचात रोहलॉफचा गिअर हब (एरवी चाकाच्या मध्यात बसणारी बंद गिअर यंत्रणा) बसवला आणि मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) काढूनच टाकला. होंडानं आरएन०१ मध्ये गिअरची यंत्रणा फ्रेमच्या पोटात घेतली. त्या सायकलीवर ग्रेग मिनारनं २००५ चं वर्ल्ड कप विजेतेपद मिळवलं, पण ती फ्रेम ॲल्युमिनियमची होती. मागच्या चाकाकडचं वजन काढून फ्रेमच्या मध्यात आणलं, की चाक खडकांवर जास्त चपळाईनं वरखाली होतं. या मंडळींचं वेगळेपण अशा कारणातून आलेलं आहे, म्हणून ते अभ्यासावं. नुसता फोटो बघून उचलायचं काही नाही.

आता भाराकडे येऊ. मी नवख्यांना पहिल्याच आठवड्यात एक गणित हातानं करायला लावते. २०० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचा शॉक घेतला, तर लिव्हरेज रेशो (चाक शॉकच्या किती पट हलतं ते) सरासरी २.६७ येतो. डाउनहिलला तो सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी ठेवतात, म्हणजे सस्पेन्शन तळाकडे जाताना घट्ट होत जातं. समजा, तळाशी तो २.३ आहे आणि मोठ्या उडीनंतर चाकावर ४,००० न्यूटन आले. शॉकच्या टोकाशी ९,२०० न्यूटन उभे राहिले, म्हणजे साधारण ९४० किलो वजनाइतका भार. तो सगळा जेमतेम ८-१० मिलिमीटरच्या बोल्टमधून, पातळ भिंतीच्या पोकळ फ्रेममध्ये शिरतो. आता रेखाटनाकडे परत बघा. शॉकचं पुढचं टोक डाउन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) मधोमध, सपाट भिंतीवर लावलेलं असेल तर ती भिंत आत-बाहेर वाकणार, थर एकमेकांपासून सुटायला लागणार. शॉकची रेषा पुढे वाढवली तर ती हेड ट्यूबकडे किंवा बॉटम ब्रॅकेटकडे (पेडलच्या आसाच्या जागेकडे) जायला हवी, तिथे आधीच भरपूर थर असतात. ही एक रेषा नीट बसवताना निम्म्या 'वेगळ्या' आकारांची आपोआप गच्छंती होते, आणि जे टिकतात ते खरोखर विचार करण्यासारखे असतात.

हाय पिव्होटची (स्विंगआर्म ज्या आसावर फिरतो तो पिव्होट वर नेण्याची) सध्या मोठी चलती आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पिव्होट वर नेला की चाक वर जाताना मागेही सरकतं, त्यामुळे उभ्या कडेचा खडक आला तरी सायकल अडखळत नाही. पण चाक मागे गेलं की चेनची लांबी वाढायला लागते, पेडल मागे ओढलं जातं, म्हणून चेन पिव्होटजवळून नेण्यासाठी आयडलर (चेनला वळण देणारं छोटं दातेरी चाक) लागतो. इथे बरेच नवे डिझाइनर आयडलरला किरकोळ भाग समजून सोडून देतात. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर १,२०० न्यूटनचा पाय पडला आणि पुढे ३४ दात्यांची चेनरिंग असली, तर चेनमधला ताण ३,००० न्यूटनच्या घरात जातो. चेन आयडलरवरून काटकोनात वळत असेल, तर आयडलरच्या बोल्टवर त्याच्या १.४ पट भार येतो, तोही एका बाजूला लटकलेला. त्याचा आधार बॉटम ब्रॅकेटच्या धातूच्या इन्सर्टशी (कार्बनमध्ये बसवलेल्या तुकड्याशी) जोडलेला हवा. चेन सस्पेन्शनच्या कामात किती लुडबुड करते, हे ज्याला समजून घ्यायचंय त्यानं २०१५ ची ऑस्ट्रियातल्या लिओगांगची वर्ल्ड कप शर्यत बघावी. ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तो पेडल न मारता जिंकला. चेन नसणं हा काही फायदा म्हणता येणार नाही, पण मोकळं सुटलेलं मागचं चाक कसं चालतं ते तिथे दिसतं.

मटेरियलबद्दल कॉलेजात एक अर्धवट वाक्य डोक्यात बसतं: कार्बन ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि मजबूत. हलका आहेच. ॲल्युमिनियमची घनता २.७, कार्बन-एपॉक्सीची १.६ च्या आसपास. ताकद आणि ताठरपणा मात्र दिशेनुसार बदलतात. एका दिशेच्या धाग्यांचा नेहमीचा थर धाग्यांच्या दिशेनं सुमारे १३० गिगापास्कल ताठरपणा देतो, आडव्या दिशेनं जेमतेम ८-९. ॲल्युमिनियम सगळीकडून ७०. म्हणजे चुकीच्या दिशेनं ठेवलेला कार्बनचा थर ॲल्युमिनियमपुढे काहीच नाही, आणि थराला थरापासून सोलून काढणारा भार आला तर तिथे फक्त रेझिन लढतं. डाउन ट्यूबमध्ये वाकण्यासाठी लांबीच्या दिशेनं ० अंशाचे थर, पिळासाठी अधिक-उणे ४५ चे, नळी चेपू नये म्हणून थोडे ९० चे. हे पुस्तकात सापडतं. खरी परीक्षा हेड ट्यूबच्या मागे असते.

ही जागा जवळून बघण्यासारखी आहे. टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूब जिथे हेड ट्यूबला मिळतात तिथे आतल्या बाजूला एक खोबण तयार होते. प्रीप्रेगचा (आधीच रेझिन भरलेल्या कार्बन कापडाचा) सपाट तुकडा तिथे बसवताना तो खोबणीच्या तळाशी टेकत नाही, दोन्ही कडांवर ताणून उभा राहतो आणि खाली पोकळी राहते. क्युअर होताना (उष्णतेनं रेझिन घट्ट होताना) त्या पोकळीत निव्वळ रेझिन जमतं. उलट बाहेरच्या वळणावर जास्तीचं कापड गोळा होतं आणि सुरकुती पडते. सुरकुतीतला धागा सरळ नसतो, दाब आला की तो तिथूनच मोडतो. बाहेरून रंगाखाली हे काही दिसत नाही. उपाय साधे आहेत पण वेळखाऊ: तुकडे लहान कापायचे, ठरावीक जागी चिरा द्यायच्या, एका थराची चीर दुसऱ्याच्या चिरेवर येऊ द्यायची नाही, थर एकदम न संपवता पायरीपायरीनं संपवायचे, आणि मुळात खोबणीची त्रिज्या सढळ हातानं ठेवायची. संगणकावरची धारदार कड साच्यात नेली की लेअप करणाऱ्या (साच्यात थर रचणाऱ्या) माणसाचे हाल होतात. त्या माणसाशेजारी बसून त्याच्याकडून शिका. माझ्या दृष्टीनं या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान त्याच्या बोटांत असतं, आणि डिझाइनच्या बैठकीला त्याला बोलावलंच पाहिजे.

प्रीप्रेगची शिस्तही त्याच्याकडूनच शिकायची. रोल उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये राहतो. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दमटपणा धरतो आणि पुढे साच्यात त्याचे बुडबुडे होतात. बाहेर किती तास राहिला याची नोंद रोलवरच ठेवायची. साच्यात आतून ब्लॅडर (हवेची पिशवी) फुगवून थर भिंतीवर दाबले जातात. जिथे ब्लॅडर नीट पोचत नाही, तिथे दाब नाही, आणि दाब नाही तिथे फ्रेम कच्ची. म्हणून तुमच्या वेगळ्या आकारात अरुंद बोळ, बंद कोपरे, एकदम बारीक होणारे भाग असतील, तर ब्लॅडर तिथे जाईल कसा आणि नंतर बाहेर येईल कसा, हे रेखाटनाच्याच पानावर लिहा.

धातू आणि कार्बनचं जमवणं हा तर वेगळाच विषय आहे. पिव्होटच्या बेअरिंगसाठी ॲल्युमिनियमचे इन्सर्ट लागतात. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावतं, कार्बनचा थर धाग्याच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. ३० मिलिमीटर व्यासाचा इन्सर्ट १३० अंशांवर फ्रेमबरोबरच क्युअर केला आणि २० अंशांवर आणला, तर तो पाऊण दशांश मिलिमीटर आकसतो. बेअरिंगच्या बैठकीत आपण शतांशांची भाषा करतो. म्हणून इन्सर्ट नंतर चिकटवावा, नाहीतर क्युअर झाल्यावर भोक मशिनवर अचूक करून घ्यावं. शिवाय कार्बन वीज वाहतो. ओल मिळाली की त्याला थेट टेकलेलं ॲल्युमिनियम गंजायला लागतं. मध्ये काचेच्या फायबरचा एक पातळ थर घातला की हा त्रास टळतो. हा थर ड्रॉइंगवर लिहायला विसरू नका.

चाचण्यांबद्दल नवख्यांचा मोठा गैरसमज असतो, की आयएसओ ४२१० हे सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक पास झालं म्हणजे काम झालं. या मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमला पुढच्या टोकाशी १,२०० न्यूटन पुढे आणि ६०० न्यूटन मागे असे ५०,००० फेरे द्यावे लागतात. पण अधिकृत शर्यतींसारख्या कठोर वापराच्या सायकली त्याच मानकानं आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. डाउनहिलसाठी स्वतःच्या चाचण्या आखाव्या लागतात: शॉक तळाला गेलेला असतानाचा दणका, डाउन ट्यूबवर दगडाचा मारा, आयडलरचा एकतर्फी भार. दगडाचा मारा मी सगळ्यात वर ठेवते. ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि दिसतो. कार्बनचा वरचा थर धड राहून आतले थर सुटू शकतात. नाण्यानं हलकं ठोकत गेलं की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो, शंका आली तर अल्ट्रासाउंड करावा. फ्रेम अशी बनवा की मेकॅनिकला बोल्टचं कवच काढून ती जागा तपासता येईल. एकेकाळी कार्बन डाउनहिलला टिकेल का, अशी शंका होती. सांता क्रूझच्या कार्बन व्ही१० वर मिनारनं २०१२ आणि २०१३ ची जागतिक अजिंक्यपदं जिंकली, तेव्हा ती मिटली. पण त्या फ्रेमची प्रत्येक जागा कुणीतरी तपासत होतं, हे ध्यानात ठेवा.

साच्याचा खर्च हा विषय टाळू नका. धातूचा साचा एकदा कापला की हेड अँगल अर्धा अंश बदलायचा म्हटलं तरी नवा खर्च. त्यामुळे वेगळं लिंकेज (सस्पेन्शनच्या दांड्यांची जोडणी) आधी वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर चालवून बघतात, किंवा कार्बनच्या नळ्या धातूच्या लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांमध्ये) चिकटवून फ्रेम उभी करतात. अथर्टन बाइक्सनं हीच पद्धत विक्रीच्या सायकलीपर्यंत नेली: टायटॅनियमचे थ्रीडी प्रिंट केलेले लग, त्यात आतून-बाहेरून दोन्ही बाजूंनी धरलेल्या कार्बनच्या नळ्या. दिसायला ती फ्रेम साधीच वाटते, पण माप बदलायला साचा लागत नाही. मला हे वेगळेपण पोकळीवाल्या रेखाटनांपेक्षा कितीतरी धाडसी वाटतं. आणि स्पेशलाइज्डची डेमो पुढे पुन्हा ॲल्युमिनियमची झाली, ट्रेक कंपनीची २०२१ ला आलेली हाय पिव्होट सेशनही आधी ॲल्युमिनियममध्येच आली. कार्बन इथे खरंच हवा आहे का, हा प्रश्न आपल्या आवडत्या डिझाइनलाही विचारता आला पाहिजे.

शिक्षण मेकॅनिकल, एअरोस्पेस किंवा मटेरियल्समध्ये झालेलं चालतं. थरांच्या ताठरपणाचं गणित स्वतः कोड लिहून एकदा करा. त्याशिवाय एफईएचे (संगणकावरच्या ताणाच्या विश्लेषणाचे) रंगीत नकाशे तुम्हाला काहीही पटवून देतील. 'फ्रेम डिझाइनर' अशी जाहिरात फार कमी निघते. आत शिरायच्या वाटा म्हणजे टेस्टिंग लॅब, लेअप, वॉरंटी दुरुस्ती. माझ्या पाहण्यातले सगळ्यात चांगले डिझाइनर टेस्टिंग लॅबमधून आलेत, कारण त्यांनी मोडलेल्या फ्रेम हाताळलेल्या असतात. हात मात्र जपा. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, नायट्रिलचे हातमोजे घालूनच काम करा. क्युअर झालेला भाग पाण्याखाली कापा, मास्क लावून.

अर्जासोबत अख्ख्या सायकलीचं चकचकीत रेंडर पाठवण्यापेक्षा एकच भाग पूर्ण करा. रॉकर लिंक (स्विंगआर्मची हालचाल शॉकपर्यंत पोचवणारा भाग) घ्या किंवा हेड ट्यूबचा सांधा. भाराचं हिशोबाचं पान, थरांचा क्रम, लेअपचे फोटो, तो कितीला मोडला आणि तुमचा अंदाज किती होता, हे सगळं द्या. आणि मोडलेला तुकडा मधून कापून, पॉलिश करून, त्या कापाचा जवळून काढलेला फोटो जोडा. थर सरळ आहेत का, रेझिन कुठे साचलंय, बुडबुडे कुठे राहिलेत, हे मी सगळ्यात आधी बघते.