लायनफिश हाताळताना या चुका टाळा

तांबूस-पांढरे पट्टे आणि पंख्यासारखे पसरलेले पर यांमुळे लायनफिश प्रवाळांमध्ये लगेच नजरेत भरतो, आणि पहिली चूकही तिथेच होते: डौलदार दिसणाऱ्या बाजूच्या परांनाच लोक विषारी समजतात. ते पर निर्विष असतात. विष असते ते पाठीवरच्या १३, पोटाखालच्या २ आणि शेपटीअलीकडच्या खालच्या परातील ३ काट्यांत. काट्याच्या खोबणीत विषग्रंथी असतात व त्यांवर पातळ आवरण असते. काटा टोचला की हे आवरण दबून फाटते आणि विष जखमेत उतरते.

हा मासा माणसाच्या अंगावर धावून येत नाही, मात्र सहसा पळूनही जात नाही. डोके खाली करून तो पाठीचे काटे समोरच्याकडे वळवतो, तेव्हा फोटोसाठी आणखी जवळ सरकू नये. घरच्या टाकीत तो कुठे आहे हे पाहिल्याशिवाय हात घालू नये. त्याला हलवताना जाळीत काटे अडकतात, म्हणून कडक प्लास्टिकचे भांडे बरे.

मेलेला मासा निरुपद्रवी समजणे हीदेखील चूकच, कारण मेल्यानंतरही काट्यांत विष टिकून राहते. मांस मात्र विषारी नसते. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये प्रथम आढळलेला हा मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला मासा आज पश्चिम अटलांटिकमध्ये उपद्रवी ठरला असून तिथे तो खाल्लाही जातो, पण कापताना काटे सांभाळूनच.

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका काटा टोचल्यानंतर होतात. वेदना असह्य असल्याने हात आपोआप बर्फाकडे जातो, परंतु हे विष प्रथिनांचे असून उष्णतेने निकामी होते, त्यामुळे उपयोग गरम पाण्याचा होतो. सूज येण्याआधी अंगठी काढावी, दिसणारे तुकडे चिमट्याने काढावेत आणि जखमेचा भाग सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, धडधाकट हाताने तपासावे; दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि वर भाजल्याची जखम होते. जखम चिरणे, चोखणे किंवा वर आवळून पट्टी बांधणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत. धाप लागल्यास, छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. एरवीही आत राहिलेला तुकडा आणि धनुर्वाताची लस यांसाठी डॉक्टरांना दाखवावेच.