एजंटवर शंका येतेय? फ्लॅट घेताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईत रीसेल फ्लॅट घेताना एजंटबद्दल शंका येते ती बहुतेक वेळा टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, दिल्यावर. तोवर माणूस गोड बोलतो, लगेच फोन उचलतो, गाडीतून फिरवतो. तेवढ्यावरून त्याला व्यवहार कळतो असं धरून चालणं ही पहिली चूक. तुसडा एजंटही कागदाला पक्का असू शकतो. पारख कागदावर करा आणि टोकनच्या आधी करा.

रेरा नंबर ऐकून थांबू नका

महारेरा म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. तिथे एजंटचा नंबर ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. ‘पी’ नंबर दाखवून ‘आमचं रेरा आहे’ म्हणणारे भेटतात. महारेराच्या संकेतस्थळावर नाव आणि मुदत तपासा. 2023 मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली; त्याचं सक्षमता प्रमाणपत्र मागायला संकोच नको. अर्थात परीक्षा पास झाला म्हणून तुमच्या फ्लॅटची फाइल त्याने उघडलीच असेल असं नाही.

ऐकीव उत्तरं चालवून घेऊ नका

ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, असं विचारा. ‘सोसायटी रजिस्टर आहे, टॅक्स भरतात, म्हणजे असणारच’ असं उत्तर आलं की समजा, त्याने ओसी पाहिलेली नाही. सोसायटीची नोंदणी, मिळकतकराचं बिल, वीजमीटर यांतलं काहीच भोगवटा प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

मग करारांची साखळी. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत करार, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी विभागाकडचा कराराचा सारांश) हवा. मधला एक करार गहाळ असला तरी बँक कर्ज अडवू शकते. इंडेक्स टूवर लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, क्षेत्रफळ सगळं एका ठिकाणी सापडतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये तो स्वतः पाहता येतो. एजंट 850 फूट सांगतोय आणि कागदावर 640 फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) आहे, तर मधले 210 फूट कुठून आले ते त्याला सांगता आलं पाहिजे.

सगळ्यात महागात पडतं ते मालकीबद्दलचं अज्ञान. वडील वारले, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी मुलाचं नाव चढलं, आणि एजंट म्हणतो, ‘नॉमिनेशन झालंय, चालतं.’ नाही चालत. नॉमिनी आपोआप मालक होत नाही. बाकीच्या वारसांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी द्यावं, नाहीतर करारावर त्यांच्याही सह्या हव्यात. ‘माहीत नाही, उद्या विचारून सांगतो’ म्हणणारा एजंट यापेक्षा कितीतरी बरा.

टोकन रोख देऊ नका

चेक मालकाच्या नावाने द्या, एजंटच्या नाही. पावतीवर किंमत, पार्किंग, कराराची तारीख लिहून घ्या. कर्ज नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत, ही अटही. एजंट ती लिहायला टाळत असेल तर टोकन थांबवा. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ हे वाक्य सगळ्यांनाच ऐकवतात.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर मालकाला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून भरणं खरेदीदाराचं काम. मालक अनिवासी भारतीय असेल तर कपात बरीच जास्त असते. तिथे एजंटला न विचारता सीएला विचारा.

वकीलही आपला स्वतःचा. बँक टायटल तपासते ती तिच्या पैशांसाठी.

एजंट सोडताना

गुपचूप थेट मालकाकडे गेलात तर दलालीचा वाद ओढवून घ्याल. आधी साईट व्हिजिट फॉर्मवर कशाला सही केली ते वाचा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर हव्या असलेल्या कागदांची यादी आणि तारीख पाठवा. नाही आले तर थांबत असल्याचं तिथेच लिहा. नव्या प्रकल्पात तुमचा मोबाइल नंबर त्या चॅनल पार्टनरच्या, म्हणजे बिल्डरसाठी ग्राहक आणणाऱ्या एजंटच्या, नावावर टॅग झालेला असतो, तो बदलायला सेल्स ऑफिसला लेखी कळवा.

त्याच्याबरोबरच पुढे जायचं असेल तर निम्मी दलाली कराराच्या नोंदणीला आणि उरलेली ताबा मिळाल्यावर, असं आधीच ठरवा. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. एजंट लाखांत आकडा सांगत असेल तर सोसायटीचं पत्र मागा.

महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला व्यवहार असेल तर एजंटविरुद्ध तिथे ऑनलाइन तक्रार करता येते. जुन्या इमारतीच्या रीसेलमध्ये बहुधा लेखी दलाली करार आणि ते व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एवढंच हाताशी राहतं, म्हणून ताबा मिळाल्यावरही ते डिलीट करू नका.