जपानमध्ये मास्टर्स करायचंय? आधी लॅब शोधा, युनिव्हर्सिटी मागाहून

जपानला शिकायला जायचं म्हटलं की बहुतेक मुलं पहिल्यांदा रँकिंगची यादी उघडतात, टोकियो, क्योतो, ओसाका अशी नावं लिहून काढतात आणि मग फॉर्म कुठे भरायचा ते शोधत बसतात. मास्टर्स किंवा पीएचडीसाठी हा क्रमच उलटा आहे. तिकडे सगळं प्रोफेसर आणि त्यांच्या लॅबभोवती फिरतं. लॅबला ते केन्क्यूशित्सु म्हणतात, आणि दोन-तीन वर्षं तुमचं बसणं-उठणं, संशोधन, सेमिनार सगळं तिथेच होणार असतं. प्रोफेसर "घेतो" म्हणाले की पुढची कागदपत्रं बऱ्यापैकी मार्गी लागतात, ते नाही म्हणाले तर मार्क कितीही असू देत, अवघड जातं. म्हणून जायच्या निदान दीड वर्ष आधी सुरुवात करा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पण त्याही आधी एक गोष्ट तपासा, आपल्याकडची कितीतरी मुलं इथेच अडकतात. जपानमध्ये मास्टर्सला साधारण १६ वर्षांचं शिक्षण पूर्ण लागतं. बीई, बीटेकवाल्यांना प्रश्न नाही, १२ अधिक ४ म्हणजे १६ झाले. पण तीन वर्षांचं बीए, बीकॉम, बीएस्सी केलं असेल तर १५ होतात, एक वर्ष कमी. २०१६ पासून परदेशातली मान्यताप्राप्त तीन वर्षांची पदवीही नियमात चालू शकते, पण प्रत्येक युनिव्हर्सिटी ती धरेलच असं नाही. अशा वेळी एमएस्सी किंवा एमए पूर्ण करून जाणं हा सरळ रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे युनिव्हर्सिटीकडून स्वतंत्र पात्रता तपासणी करून घ्यायची, वय २२ पूर्ण असेल तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या तुमचं शिक्षण, अनुभव बघून परीक्षेला बसू देतात, पण ते सगळीकडे आणि सगळ्यांना मिळेलच असं नाही आणि त्याची तारीख मुख्य अर्जाच्या बरीच आधी असते. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून "माझी डिग्री तीन वर्षांची आहे, मी पात्र आहे का" हे लेखी विचारून घ्या. नवीन शैक्षणिक धोरणात चार वर्षांची डिग्री घेणाऱ्यांचं हे टेन्शन जाईल, पण जुन्या पॅटर्नची मुलं अजून खूप आहेत.

आता प्रोफेसरला ईमेल. युनिव्हर्सिटीच्या साइटवर डिपार्टमेंट, त्यात लॅबची यादी, प्रत्येक लॅबचं पान, असं बघत जा. इंग्रजी पान जुनं असतं बऱ्याचदा, जपानी पान ट्रान्सलेटमध्ये टाकून वाचा, त्यात यावर्षी कोण विद्यार्थी आहेत, परदेशी कोणी आहे का, प्रोफेसर रिटायर व्हायला किती वर्षं उरलीत याचा अंदाज येतो (हे शेवटचं लोक बघत नाहीत, आणि मग पीएचडीच्या मधेच गाईड बदलायची वेळ येते). मग त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर खरोखर वाचा.

एक उदाहरण देतो. समजा तुम्ही साताऱ्याकडून आहात, सिव्हिल केलंय आणि भूकंपात धरणांचं काय होतं यात रस आहे. "मला अर्थक्वेक इंजिनिअरिंगमध्ये इंटरेस्ट आहे आणि जपान यात पुढे आहे" असं लिहिलंत तर ती मेल तिथेच संपली, अशा मेल त्यांना भरपूर येतात. त्याऐवजी असं लिहा की ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात, जिथे त्याची जाडी एकदम बदलते तिथे, भेगा पडल्या होत्या, जगभरच्या अभ्यासात कोयनेचं मॉडेल तपासणीसाठी वापरतात, तुमच्या अमुक पेपरमध्ये भेग कशी पसरते याची जी पद्धत मांडली आहे ती मला अशा जुन्या धरणाच्या दुरुस्तीनंतरच्या वागण्यासाठी वापरून बघायची आहे, आणि माझ्या बीईच्या प्रोजेक्टमध्ये मी अमुक सॉफ्टवेअरवर इतकं काम केलं आहे. झालं, चार वाक्यं. आता त्या माणसाला कळलं की हा मुलगा काय करणार, त्याला काय येतं आणि त्याने आपला पेपर वाचलाय. विषय तुमचा कुठलाही असो, बॅटरी असो, भातावरची कीड असो नाहीतर जपानी इतिहास असो, इतकं नेमकं व्हायला पाहिजे.

मेलला सीव्ही, मार्कशीट आणि दोन पानी रिसर्च प्लॅन जोडा. सुरुवात आडनाव आणि प्रोफेसर किंवा सेन्सेई अशी करा. एकाच डिपार्टमेंटच्या पाच जणांना एकच मेल पाठवू नका, ते एकमेकांच्या शेजारी बसतात, कळतं लगेच. उत्तर आलं नाही तर दोनेक आठवडे थांबून एकदा नम्रपणे आठवण करा. एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, नवीन वर्षाची सुट्टी आणि फेब्रुवारी-मार्चमधली थिसिसची धावपळ, या काळात उत्तराची अपेक्षा कमी ठेवा. आणि प्रत्येक युनिव्हर्सिटीचा नियम वेगळा, उदाहरणार्थ क्योतो युनिव्हर्सिटीत बाहेरच्या विद्यार्थ्याने आधी अ‍ॅडमिशन असिस्टन्स ऑफिसच्या सिस्टीममध्ये माहिती भरायची असते, तिथून हिरवा कंदील मिळाल्यावर प्रोफेसरशी बोलायचं.

पैशाचं बघू. सरकारी युनिव्हर्सिटीची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेश फी एकदाच २,८२,००० येन. आपल्या रुपयात वर्षाची फी साधारण तीन लाखांच्या आसपास जाते, येनचा भाव वरखाली होतो ते धरून. टोकियो युनिव्हर्सिटीने २०२५ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ती ६,४२,९६० केली, आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी ठरवायची मोकळीक सरकारी युनिव्हर्सिट्यांना आता आहे, त्यामुळे ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचा आकडा साइटवरच बघा, कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका. खासगी युनिव्हर्सिट्या याहून बऱ्याच महाग. फी माफीचा अर्ज मात्र नक्की करा, अर्धी किंवा पूर्ण माफ होऊ शकते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

स्कॉलरशिपमध्ये सगळ्यात मोठी मेक्स्ट, म्हणजे जपान सरकारची. फी नाही, विमानाचं तिकीट ते देतात आणि सध्या महिन्याला रिसर्च स्टुडंटला (हे कोण ते खाली सांगतो) १,४३,०००, मास्टर्सला १,४४,०००, पीएचडीला १,४५,००० येन मिळतात. पदवीसाठी जाणाऱ्यांना १,१७,०००. रिसर्च स्टुडंट, मास्टर्स, पीएचडी या तिन्हींना वय ३५ च्या आत लागतं. यात दोन वाटा आहेत. एक दूतावासाची, अर्ज साधारण एप्रिल-मेच्या सुमाराला निघतात, कागदपत्रं, मग लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू, त्यात पास झालात की पहिल्या फेरीचं सर्टिफिकेट मिळतं आणि ते दाखवून तुम्ही युनिव्हर्सिटीकडून स्वीकारपत्र मिळवायचं. बघा, इथेही प्रोफेसरच आले, ज्यांनी आधीपासून बोलणं चालू ठेवलेलं असतं त्यांचं काम पटकन होतं आणि बाकीचे मुदतीच्या आत मेल करत धावत सुटतात. दुसरी वाट युनिव्हर्सिटीच्या शिफारशीची, त्यात सरासरी ग्रेड ३ पैकी २.३० किंवा जास्त लागतो आणि तुमचं नाव युनिव्हर्सिटी पुढे करते. मेक्स्ट मिळाली नाही तर सगळं संपलं असं नाही, स्वखर्चाने गेलेल्यांनाही महिना ४८,००० येनची स्कॉलरशिप जासो या जपानच्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेकडून मिळू शकते, शिवाय खासगी फाउंडेशनच्या बऱ्याच आहेत, पण त्यातल्या कित्येकांचा अर्ज जपानीत असतो.

बरेच जण आधी केन्क्यूसेई म्हणजे रिसर्च स्टुडंट म्हणून जातात. ही डिग्री नाही हे घरच्यांना नीट समजावून सांगा. सहा महिने ते वर्षभर लॅबमध्ये काम करायचं, प्रवेश परीक्षा द्यायची, पास झालात की मास्टर्स सुरू. मेक्स्टवाल्यांनाही ही परीक्षा चुकत नाही.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर थोडक्यात: जपानी माध्यमासाठी ईजेयू परीक्षा, ती जून आणि नोव्हेंबरमध्ये होते, आणि इंग्रजीतून हवं असेल तर नागोया युनिव्हर्सिटीचा जी३० प्रोग्रॅम किंवा बेप्पूची एपीयू ही युनिव्हर्सिटी बघा. क्योतो युनिव्हर्सिटीचा आययूपी हा पदवीचा प्रोग्रॅम वेगळा आहे, जपानी येत नसलं तरी घेतात आणि पुढे डिग्री जपानीतूनच करून घेतात.

लँग्वेज स्कूलच्या एजंटांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. "तिकडे जा, पार्ट टाइम करून फी निघते" असं सांगून कर्ज काढायला लावतात. हिशोब करा. स्टुडंट व्हिसावर वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. टोकियोत तासाला साडेबाराशे येन धरले तरी महिन्याला दीड लाखाच्या आसपासच येतात, त्यात खोलीभाडं, जेवण, विमा, मोबाईल. शाळेची वर्षाची सात-आठ लाख येन फी त्यातून कशी निघणार? मग मुलं लपून जास्त तास करतात, वर्गात झोपतात, हजेरी घसरते आणि व्हिसा वाढवताना नकार येतो. शाळा चांगल्याही आहेत, पण निदान पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय ही वाट धरू नका.

भाषा. डिग्री इंग्रजीतून असली तरी जपानी लागतंच, लॅबच्या गप्पा, डॉक्टर, घरमालक सगळं जपानीत. आपलं नशीब चांगलं की पुण्या-मुंबईत शिकायची सोय चांगली आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, क्लासेस भरपूर आहेत, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा दोन्ही शहरांत देता येते. जायच्या आधी तिची एन४ पातळी तरी करा (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड), नोकरी तिकडेच करायची असेल तर एन२ चं लक्ष्य ठेवा.

कागदपत्रांत आपल्या मराठी नावांचा घोळ होतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव, डिग्रीवर तिसराच क्रम. जपानी फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा, स्पेलिंगसकट, कारण तेच सीओईवर (व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशनकडून मिळणारं पात्रता प्रमाणपत्र) येतं, तेच रेसिडेन्स कार्डवर, आणि पुढे बँकेत ते लांबलचक नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं. एकदा ठरवलेलं काताकाना सगळीकडे तेच ठेवा, एका अक्षराचा फरक असला तरी पैसे जमा व्हायला अडतं. ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या युनिव्हर्सिटीत लवकर अर्ज करा, पाच-सहा सीलबंद प्रती एकदमच घ्या.

सीओई आलं की व्हिसा लवकर होतो, पण ते तीन महिनेच चालतं. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं, पार्ट टाइमच्या परवानगीचा फॉर्म तिथेच देऊन टाका. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा, त्याच फेरीत आरोग्य विमा घ्या (दवाखान्यात मग ३० टक्केच भरावे लागतात) आणि वय २० किंवा जास्त असेल तर विद्यार्थी म्हणून पेन्शनच्या हप्त्यातून सवलतीचा अर्जही करा, नाहीतर घरी बिलं येत राहतात. शाकाहारी असाल तर मिसो सूपमध्येही माशाचा अर्क असतो हे लक्षात ठेवा, कुकर घेऊन जा, मसाले-डाळी टोकियोत निशी-कासाईला आरामात मिळतात आणि लहान गावात असाल तर ऑनलाइन येतात.

तिकडेच नोकरी करायची असेल तर मास्टर्सच्या पहिल्याच उन्हाळ्यात इंटर्नशिपचे अर्ज सुरू होतात, दुसऱ्या वर्षाची वाट बघू नका. डिग्री होईपर्यंत नोकरी लागली नाही तर युनिव्हर्सिटीच्या शिफारसपत्रावर नोकरी शोधायचा व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो आणि तो आणखी सहा महिने वाढवता येतो, फक्त स्टुडंट व्हिसा संपायच्या आत अर्ज करायला लागतो आणि शोध आधीपासून चालू होता याचे पुरावे, म्हणजे कंपन्यांच्या मेल, इंटरव्ह्यूच्या तारखा, जपून ठेवलेले असावे लागतात.