फाइल सर्व्हरची रॅम नक्की खातंय कोण? सांबावर मेमरी शोधायची माझी पद्धत

लिनक्सवर सांबा (विंडोजसारख्या क्लायंटना नेटवर्कवरून फाइल्स देणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या फाइल सर्व्हरची मेमरी ९५ टक्के भरली असा अलर्ट आला की आपला हात आधी रिस्टार्टकडे जातो, आणि रिस्टार्ट केल्यावर आकडा खाली येतो म्हणून आपण खूशही होतो, पण त्यात सगळा पुरावा पुसला जातो आणि आठ दिवसांनी तोच अलर्ट परत दारात उभा. म्हणून पहिली विनंती, सर्व्हर अजून चालतोय तोवर रिस्टार्ट करू नका. आधी दोन मिनिटं काढून चार गोष्टी एका फाइलमध्ये साठवा : प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो फाइल, पीएसचं (चालू प्रोसेसची यादी) मेमरीनुसार सॉर्ट केलेलं आउटपुट, स्लॅबटॉपचा (कर्नलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या मेमरीचा हिशोब) एकदाचा आउटपुट आणि एसएमबीस्टेटस (सांबाला कोण जोडलंय त्याची यादी). फाइलच्या नावात तारीख आणि वेळ टाका. नंतर रिस्टार्ट करावंच लागलं तरी हातात काहीतरी राहतं.

आता फ्री कमांड. यात यूज्ड आणि फ्री हे कॉलम बघून घाबरायचं नाही, बघायचा तो अव्हेलेबल. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवतच नाही, वाचलेल्या आणि लिहिलेल्या फाइल्स तो पेज कॅशमध्ये धरून ठेवतो, आणि ज्या मशीनचं कामच दिवसभर फाइल्स देणं आहे तिथे फ्रीचा आकडा कायम तळाला असणार हे अगदी बरोबर आहे, तसा नसेल तर उलट रॅम जास्त घेतली असं समजा. अव्हेलेबल म्हणजे स्वॅप न करता (रॅममधलं काही डिस्कवर न हलवता) नव्या प्रोग्रामला साधारण किती मेमरी देता येईल याचा कर्नलने केलेला अंदाज, आणि तो २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून मिळतोय. तुमचं मॉनिटरिंग अजूनही टोटल वजा फ्री असा हिशोब करत असेल तर आधी तो अलर्टच दुरुस्त करा, कितीतरी लोकांचा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

इथेच एक चूक सांगतो कारण ती मी स्वतः केलीये. ड्रॉप कॅशेसमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करायची कमांड मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी व्यवस्था) दर तासाला लावून ठेवली होती. ग्राफ सुंदर दिसायला लागला आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या की फोल्डर उघडायला वेळ लागतोय, कारण दर तासाला सगळी कॅश फेकली जायची आणि प्रत्येक गोष्ट परत डिस्कवरून वाचावी लागायची. ती कमांड मोजमापासाठी ठीक आहे, उपाय म्हणून अजिबात वापरू नका.

खरंच ताण आहे का हे कळायला व्हीएमस्टॅट एकेका सेकंदाने चालवा आणि एसआय, एसओ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) हे दोन कॉलम बघा. स्वॅपमध्ये थोडा माल पडून असणं वाईट नाही, पण हे दोन आकडे सतत हलत असतील तर मशीन खरंच मेमरीसाठी झगडतंय. ४.२० किंवा त्यानंतरचा कर्नल असेल आणि पीएसआय (कर्नलची ताण मोजायची सोय) चालू असेल तर प्रॉक प्रेशर फोल्डरमधली मेमरी ही फाइल आणखी सरळ उत्तर देते, मेमरीसाठी ताटकळण्यात किती टक्के वेळ गेला ते त्यात असतं. आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस असं काही आलंय का तेही शोधा, आलं असेल तर त्या ओळीच्या वर छापलेला सगळा तक्ता जपून ठेवा, मारलं त्या क्षणी कोणाकडे किती होतं ते त्यात लिहिलेलं असतं.

ताण खरा आहे असं ठरलं की मग मेमरी कोणत्या ढिगात आहे ते काढायचं. हा टप्पा लोक गाळतात आणि थेट सांबाच्या सेटिंगमध्ये हात घालतात. मेमइन्फो उघडा. अ‍ॅनॉनपेजेस म्हणजे प्रोसेसनी स्वतःसाठी घेतलेली मेमरी. कॅश्ड म्हणजे पेज कॅश, पण त्याच्या पोटात एसएचमेमही (शेअर्ड मेमरी) आहे आणि ती अशी सोडून देता येत नाही. स्लॅब म्हणजे कर्नलची स्वतःची मेमरी, तिचे दोन भाग, एसरिक्लेमेबल (गरज पडली की सोडता येणारा) आणि एसअनरिक्लेम (न सोडता येणारा). या सगळ्यांत पेजटेबल्स, कर्नलस्टॅक, बफर्स आणि मेमफ्री मिळवून बेरीज करा आणि ती टोटलमधून वजा करा (एसएचमेम कॅश्डमध्ये आधीच आलीये, ती दोनदा धरू नका). मोठा आकडा उरला तर ती मेमरी बहुधा कर्नलच्या एखाद्या मॉड्यूलकडे आहे आणि पीएसमध्ये कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

झेडएफएस (एक फाइल सिस्टम) वापरणाऱ्यांचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. त्याची एआरसी नावाची स्वतःची कॅश असते, ती फ्रीमध्ये कॅश म्हणून दिसत नाही, यूज्डमध्ये दिसते. लिनक्सवर तिची डीफॉल्ट मर्यादा बरीच वर्षं निम्म्या रॅमएवढी होती, नव्या आवृत्त्यांत ती आणखी वाढवलीये. एआरसी समरी चालवा आणि साइज बघा. एआरसी मागणी आली की आकसते, पण एकदम मोठी मागणी आली तर पुरेशा वेगाने आकसेलच असं नाही, त्यामुळे त्याच मशीनवर बाकी सर्व्हिसेसही असतील तर झेडएफएस एआरसी मॅक्स ठरवून टाका. डीडुप (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं) चालू असेल तर प्रत्येक वेगळ्या ब्लॉकमागे साधारण ३२० बाइट जातात हेही धरा.

एसएचमेम मोठी दिसली तर टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टम) तपासा. एका ठिकाणी दहा दिवसांत अव्हेलेबल हळूहळू खाली येत होतं, प्रोसेस सगळ्या जागच्या जागी, मला वाटलं कर्नलच लीक होतोय. निघालं काय, तर कोणीतरी एक अडचण शोधताना सांबाची लॉग लेव्हल १० केली होती, परत खाली आणली नाही, वर मॅक्स लॉग साइज ० म्हणजे अमर्याद, आणि लॉगचं फोल्डर टीएमपीएफएसवर होतं. म्हणजे लॉग सरळ रॅममध्ये साचत होते! डीएफ कमांडला टीएमपीएफएस प्रकार देऊन बघितलं असतं तर मिनिटभरात कळलं असतं. टीएमपीएफएसची डीफॉल्ट मर्यादा निम्मी रॅम असते, त्यामुळे असं एखादं फोल्डरही सर्व्हर आडवा करू शकतं.

स्लॅबमध्ये डेंट्री आणि आयनोडच्या (फाइल्सची नावं आणि माहिती यांच्या कर्नलमधल्या नोंदी) ओळी फुगलेल्या असतील तर रात्री कोणीतरी फोल्डरांचं सगळं झाड चालून येतंय, बॅकअप, अँटिव्हायरस किंवा इंडेक्सिंग. लाखो छोट्या फाइल्स असतील तर हे काही जीबीपर्यंत जातं, पण ते रिक्लेमेबल आहे, बहुतेक वेळा सोडून द्या. एसअनरिक्लेम वाढत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नका. फाइल सर्व्हरवर त्याचं एक कारण म्हणजे आयनोटिफाय (फाइल बदलली की कळवणारी कर्नलची सोय). क्लायंट फोल्डरवर नजर ठेवायला सांगतात, शिवाय सर्व्हरवरचं सिंक किंवा इंडेक्सिंग सॉफ्टवेअर प्रत्येक सबफोल्डरवर वॉच लावतं, आणि ६४ बिट कर्नलवर एकेक वॉच साधारण १ केबी खातं, तेही स्वॅप न होणारं, वर तो आयनोडही अडकून राहतो. कुठल्या तरी लेखात वाचून मॅक्स यूजर वॉचेसचा आकडा लाखांत नेला असेल तर त्याची किंमत ही आहे.

आता अ‍ॅनॉनपेजेसच मोठं असेल तर मग सांबा. इथे आधी एक गैरसमज काढू. सांबा प्रत्येक क्लायंट कनेक्शनसाठी वेगळी एसएमबीडी प्रोसेस फोर्क करतो. पीएसमध्ये शंभर प्रोसेस, प्रत्येकीची आरएसएस (तिने रॅममध्ये धरलेली मेमरी) ३० एमबी, म्हणून ३ जीबी अशी बेरीज लोक करतात आणि ती चूक आहे, कारण लायब्ररी आणि लॉकिंगच्या टीडीबी फाइल्स (सांबाचे छोटे डेटाबेस) सगळ्यांत शेअर असतात आणि आरएसएस त्या प्रत्येकीच्या नावावर पूर्ण मोजते. पीएसएस बघा, त्यात शेअर्ड भाग वाटून मोजलेला असतो, आणि यूएसएस बघा, म्हणजे ती एक प्रोसेस मेली तर खरंच किती मेमरी सुटेल. स्मेम नावाचं टूल दोन्ही दाखवतं. ते नसेल तर ४.१४ पासूनच्या कर्नलवर प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) फोल्डरात स्मॅप्स रोलअप फाइल आहे, तिच्यात पीएसएसची ओळ आणि प्रायव्हेट क्लीन, प्रायव्हेट डर्टी मिळतात, या शेवटच्या दोन्हींची बेरीज म्हणजे यूएसएस.

यूएसएस हातात आली की दोनच शक्यता. प्रत्येक प्रोसेस लहान पण संख्या अफाट, किंवा संख्या नेहमीची पण एखाददुसरी प्रोसेस फुगलेली. दोघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

संख्या वाढली असेल तर एसएमबीस्टेटसच्या यादीत क्लायंटचे पत्ते मोजा. एकाच पत्त्यावरून पाच दहा प्रोसेस दिसतात का? मल्टिचॅनल (एका क्लायंटची एकाच वेळी अनेक कनेक्शनं) चालू असेल तरी त्या क्लायंटची कनेक्शनं एकाच प्रोसेसकडे सोपवली जातात, त्यामुळे ते कारण नसतं. बहुतेक वेळा नेटवर्क तुटलेलं असतं, लॅपटॉप झोपलेला असतो, क्लायंट नव्याने जोडला जातो आणि जुनी प्रोसेस सर्व्हरवर वाट बघत बसते. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का ते विचारणारी सोय) डीफॉल्टने ७२०० सेकंद म्हणजे दोन तास शांत राहिल्यावर पहिली चौकशी करतो. सांबाच्या सॉकेट ऑप्शन्समध्ये कीपअलाइव्ह चालू ठेवून टीसीपी कीपआयडल (हाच शांत राहण्याचा काळ) काही मिनिटांवर आणला तर मेलेली कनेक्शनं लवकर सुटतात. जिवंत पण रिकामटेकडी कनेक्शनं असतील तर डेडटाइम (रिकामं कनेक्शन किती वेळाने तोडायचं ती सेटिंग) लावा, नव्या आवृत्त्यांत तो डीफॉल्ट १००८० मिनिटं म्हणजे अख्खा आठवडा आहे, मी १५ ते ३० मिनिटं ठेवतो. एक लक्षात घ्या, क्लायंटकडे एकही फाइल उघडी असेल तर डेडटाइम त्याला हात लावत नाही, त्यामुळे काम कोणाचं जात नाही, पण एक्सेल उघडं टाकून घरी गेलेला माणूसही तसाच राहतो. मॅक्स एसएमबीडी प्रोसेसेस ही मर्यादाही आहे पण ती शेवटचा आधार म्हणून, कारण ती गाठली की नवा माणूस जोडलाच जात नाही.

एकच प्रोसेस फुगली असेल तर तिचा पीआयडी घेऊन एसएमबीस्टेटसमध्ये मागे कोणतं मशीन आहे ते काढा. मग उघड्या फाइल्स मोजा. बऱ्याचदा एखादं बॅकअप सॉफ्टवेअर किंवा हजारो फाइल्स उघडून बंद न करणारा प्रोग्राम निघतो, किंवा बरेच यूजर एकाच कनेक्शनवर बसवणारा टर्मिनल सर्व्हर, आणि त्याची प्रोसेस मोठी असणं रास्तच आहे. एकाच फोल्डरात लाखभर फाइल्स असतील तर तेही बघा, तिथे सीपीयूही जातो, कारण केस सेन्सिटिव्ह नसलेलं नाव शोधायला सांबाला सगळं फोल्डर चाळावं लागू शकतं.

यानंतर सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट : एसएमबीकंट्रोलला तो पीआयडी आणि पूल डॅश यूसेज असं सांगा, रूट म्हणून. सांबा आपली बहुतेक मेमरी टॅलॉक नावाच्या व्यवस्थेतून घेतो आणि ती झाडासारखी रचलेली असते, प्रत्येक तुकड्याला नाव असतं, त्यामुळे ही कमांड कोणत्या नावाखाली किती बाइट आणि किती ब्लॉक आहेत ते ओळीओळीने सांगते. एकदा घ्या, अर्ध्या तासाने परत घ्या, दोन्हींचा डिफ काढा. एकच नाव शेकड्यांनी वाढत असेल तर तुमचं लीक सापडलं. पण टॅलॉकची एकूण बेरीज ४० एमबी आणि यूएसएस मात्र ८०० एमबी असं दिसलं तर मेमरी टॅलॉकच्या बाहेर आहे, म्हणजे एखादी लायब्ररी, एखादं व्हीएफएस मॉड्यूल (सांबाच्या फाइल हाताळणीला जोडलेला भाग), नाहीतर ग्लिबसीने (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) परत न केलेले तुकडे. व्हीएफएस मॉड्यूल एकेक करून काढून बघा, विशेषतः बाहेरून घेतलेलं. ग्लिबसीवर संशय असेल तर सर्व्हिसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये मॅलॉक अरेना मॅक्स २ करून बघा, ६४ बिटवर डीफॉल्टने कोअरच्या आठपट अरेना (मेमरी वाटपाचे वेगवेगळे साठे) होऊ शकतात आणि थ्रेड वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये त्या बऱ्यापैकी जागा अडवतात.

तेवढ्यात मशीन अडचणीत आलं तर सगळा सांबा पाडू नका, त्या एका प्रोसेसला साधा टर्म सिग्नल द्या, ९ नंबरचा नको. क्लायंट आपोआप परत जोडला जातो, फक्त त्या माणसाला आधी फोन करून उघड्या फाइल्स सेव्ह करायला सांगा, हे प्लीज विसरू नका.

विनबाइंडडी (डोमेनमधले यूजर सांबाला ओळखून देणारी प्रोसेस) मोठा दिसला तर विनबाइंड इनम यूजर्स आणि इनम ग्रुप्स (सगळ्या यूजर आणि ग्रुपची यादी काढणं) चालू आहेत का बघा. मोठ्या डोमेनमध्ये ते बंदच ठेवायचे.

कॉन्फिग फाइलमधल्या जुन्या ओळीही तपासा. सॉकेट ऑप्शन्समध्ये रिसीव्ह आणि सेंड बफरचे ठरावीक आकडे कित्येक वर्षांपूर्वीच्या लेखांतून कॉपी होत आलेत, ते काढा, कर्नल स्वतः बफर जास्त चांगले सांभाळतो. आणि मॅक्स स्टॅट कॅश साइज ० असेल तर त्याचा अर्थ बंद असा नाही, मर्यादा नाही असा आहे.

सिस्टमडीचं (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था) स्टेटस मेमरीचा जो आकडा दाखवतं त्यात त्या सर्व्हिसच्या नावावर पडलेली पेज कॅशही असते, कंटेनरमध्येही हेच. त्यामुळे तो आकडा बघून मेमरी मॅक्स (कडक मर्यादा) लावू नका, कमी लावली तर कॅश सतत फेकली जाते, शेअर मंद होतो, आणि एखाद्या दिवशी मर्यादेच्या आतच एसएमबीडी मारली जाते. मर्यादा हवीच असेल तर आधी मेमरी हाय (सौम्य मर्यादा) लावा. ओओएम स्कोअर (मेमरी संपली की कर्नल कोणाला मारेल ते ठरवणारा आकडा) कमी करून सांबाला वाचवताना तो आकडा त्यातून फोर्क झालेल्या प्रोसेसकडेही वारशाने जातो, म्हणजे फुगलेली प्रोसेसही वाचते आणि बळी दुसऱ्याच सर्व्हिसचा जातो.

मी प्रत्येक सर्व्हरवर दर दहा मिनिटांनी अव्हेलेबल, अ‍ॅनॉनपेजेस, एसएचमेम, एसअनरिक्लेम, एसएमबीडीची संख्या आणि सगळ्यात मोठ्या प्रोसेसची यूएसएस एका ओळीत लिहून ठेवतो. आठवडाभराच्या ओळी पुरतात. रात्री खाली येणारा आकडा म्हणजे कामाचा भार, वर जाऊन स्थिर होणारा म्हणजे कॅश, आणि रविवारीसुद्धा चढतच राहणारा म्हणजे लीक. बदल एका वेळी एकच करा आणि त्याची तारीख त्याच फाइलमध्ये टाका. लीक ठरलं तर आधी सांबाची आवृत्ती वर न्या, तरी राहिलं तर बग नोंदवताना दोन्ही वेळचे पूल यूसेज, टेस्टपार्मचं (सांबाची कॉन्फिग तपासणारी कमांड) आउटपुट, आवृत्ती आणि तो क्लायंट काय करत होता एवढं जोडा. शेअरची आणि यूजरची नावं त्यातून आधी काढून टाका.