नवोदयला पोरगं पाठवायचंय? आधी हे वाचा

पावसाळ्यात नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचे, फॉर्म सुटले की सगळीकडे एकच चर्चा, क्लास कुठला लावायचा. क्लासचं नंतर बघा, आधी पोराला नाहीतर पोरीला जवळ बसवून ही शाळा काय आहे ते सांगा, कारण सहावी ते बारावी तिथं राहायचंय ते त्यांना, आपल्याला नाही.

1985-86 ला देशात पहिल्या दोनच नवोदय निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. राजीव गांधी पंतप्रधान होते, शिक्षण खातं नरसिंह रावांकडे. खेड्यातलं हुशार पोर पैशापायी मागं राहू नये हा सगळा विचार, म्हणून आजही किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागाला आणि एक तृतीयांश मुलींना. टाकळी ढोकेश्वर, पलूस, कागल, पोखरापूर, बघा, सगळ्या अशाच गावांत आहेत.

फॉर्म ऑनलाईन भरायचा, पैसे लागत नाहीत. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयच्या प्रवेश परीक्षेला बसता येतं, आणि ग्रामीण कोटा हवा तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली पाहिजेत. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो, तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पेपर मराठीतून देता येतो, 80 प्रश्न, 100 मार्क, दोन तास. त्यातले 40 प्रश्न नुसते बुद्धिमत्तेचे म्हणजे आकृत्यांचे, बाकी 20 गणित, 20 भाषा. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे पोराला पक्कं सांगा. आणि सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी बघू असं होत नाही.

नंबर लागला की खरी तयारी सुरू होते आणि तिकडंच सगळे दुर्लक्ष करतात असं मला वाटतं. राहणं, जेवण, पुस्तकं, युनिफॉर्म सगळं शाळेचं, त्यामुळं पेटी उगाच भरून देऊ नका, कुलूप मात्र चांगलं द्या आणि एक किल्ली हाऊसमास्तरांकडे, म्हणजे होस्टेलवर पोरांकडे बघणाऱ्या मास्तरांकडे, ठेवायला सांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीतच स्वतःचे छोटे कपडे धुणं, अंथरूण घडी करणं, ताटात पडेल ती भाजी खाणं याची सवय लावा. सकाळी लवकर उठून पीटी, मग असेंब्ली, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यासिका, दिवस गच्च असतो. पोरं-पोरी वर्गात, मेसमध्ये एकत्रच, होस्टेल वेगळं. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाऊसेस, म्हणजे पोरांचे गट, असतात आणि पोरगं एकदा आपल्या हाऊसच्या कबड्डीत नाहीतर नाटकात घुसलं की रुळलंच म्हणून समजा.

पहिले काही आठवडे मात्र रडारड होणार, फोनवर "मला घेऊन जा" म्हणणार. तेव्हा आईवडिलांनी कच खाऊ नये. भेटायला ठरलेल्या दिवशीच जा, दर रविवारी गेटवर जाऊन उभं राहिलं तर पोर कधीच रुळत नाही. पण ताप येतोय, कुणी त्रास देतंय, जेवण बंद केलंय असं कळलं तर मात्र वाट बघू नका, लगेच हाऊसमास्तरांशी, गरज पडली तर प्रिन्सिपलशी बोला.

अजून एक गोष्ट लोकांना उशिरा कळते, मायग्रेशन. नववीत साधारण 30 टक्के पोरं वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची आपल्याकडं येतात. मुलगी म्हटली की घरचे घाबरून नको म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, चौदाव्या वर्षी दुसऱ्या मुलखात राहून आलेली पोर कुठंच दबत नाही. नावं निघायच्या आधीच घरात हा विषय काढा, थोडं हिंदी बोलायची सवय ठेवा, आणि तिचं नाव आलं तर जाऊ द्या.