माशाची टॅक्सिडर्मी: पहिल्याच माशावर या चुका टाळा

टॅक्सिडर्मी म्हणजे मेलेला प्राणी जिवंत दिसेल असा जतन करणं. ‘पेंढा भरलेला मासा’ असं आपण सहज म्हणून जातो, पण पेंढा त्यात नसतो. आत बहुतेक वेळा फोमचा साचा, त्यावर खरी कातडी, काचेचा डोळा आणि वरून रंग, कारण वाळल्यावर माशाचा मूळ रंग उडून जातो. नवशिक्याचा जीव त्या रंगातच अडकलेला असतो. घोटाळा मात्र त्याच्या बराच आधी झालेला असतो.

मासा हाती आला की सवयीने पोट चिरू नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लांबी मोजा, कल्ल्यांमागचा, पोटाचा आणि शेपटीजवळचा घेर लिहून ठेवा. लगेच काम करणार नसाल तर पर अंगालगत बसवून, ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवा. उघडा ठेवलेला मासा सुकतो आणि पर काडीसारखे मोडतात. बाहेर काढल्यावर फ्रिजमध्येच सावकाश वितळू द्या. गरम पाण्याची घाई खवल्यांवर निघते.

चीर भिंतीकडच्या, म्हणजे मासा टांगल्यावर न दिसणाऱ्या बाजूला द्यायची. हे मला माहीत होतं, तरी पहिल्या वेळी हात चालला तो नेमका चांगल्या बाजूवर!

सगळ्यात जास्त मासे वाया जातात ते आत राहिलेल्या मांसामुळे. कातडी सुटली की काम झालंसं वाटतं, पण परांच्या मुळाशी, शेपटीच्या बुंध्यात, गालात आणि डोळ्यांच्या खोबणीत मांस दडून बसतं. जुन्या चमच्याने खरवडा आणि कातडी दिव्यासमोर धरा: मांस राहिलंय तिथे प्रकाश अडतो. माझ्या पहिल्या माशाच्या पाठीवरच्या पराखाली काही आठवड्यांनी पिवळट, चिकट थेंब आला. पुसला, दोन दिवसांत पुन्हा हजर. ती चरबी होती. म्हणून कातडी भांड्यांच्या साबणाने नीट धुवा आणि सुरुवात सॅमनसारख्या तेलकट माशापासून करूच नका. बिनखवल्याचा मासाही नको, तो फार आकसतो. मध्यम आकाराचा, जाड खवल्यांचा कार्प बरा.

कातडी टिकावी म्हणून तिला आतून टाकणखार (बोरॅक्स) चोळतात, पण त्याच्या भरवशावर मांस सोडू नका. हातमोजे घाला, भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

साचा किंचित बारीकच कोरा. जाड झाला तर त्यावर चढवून शिवलेल्या कातडीचे टाके ताणून बसतात आणि वाळताना फाटतात. सोलून काढलेलं धड कागदावर ठेवून त्याची कड आखून घेतली तर अंदाज चुकत नाही. पर ओले असतानाच पसरून दोन पुठ्ठ्यांमध्ये चिमट्यांनी धरा. वाळून मुडपलेच तर पुन्हा ओले करून बसवता येतात.

मग थांबा. दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. ऊन नको, हीटर नको. पंख्याची हवा पुरे. गाल खपाटीला जाणारच, ते खड्डे वाळल्यावर इपॉक्सी पुटीने भरतात. ओलसर कातडीवर दिलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो. वाळूनही वास येत असेल तर रंगाचा डबा बाजूला ठेवा, कातडी भिजवून मऊ करा, टाके उसवा आणि पुन्हा चमचा घ्या. रंग पातळ हातांनी, आणि फोटो समोर ठेवून. आठवणीतला मासा नेहमी जास्तच चकाकतो.