चाकावर जमलं, भट्टीत फुटलं: सिरॅमिक कार्यशाळेतल्या या चुका टाळा

भट्टी उघडल्यावर कप चिरलेला निघाला की खापर भट्टीवर फुटतं. खरं तर ती चीर बहुतेक वेळा आठ-दहा दिवस आधीच पडलेली असते. माती नीट मळली नव्हती, तळ दाबायचा राहिला होता, किंवा मे महिन्यातल्या दुपारी ओलं भांडं कूलरसमोर ठेवलं होतं. भट्टी फक्त ते उघडकीला आणते. नागपूरच्या हवेत तर चाकावरच्या चुकांपेक्षा वाळवण्यातल्या चुका महाग पडतात, आणि नेमकं तेव्हाच शिकणारा घरी निघून गेलेला असतो.

नाव नोंदवण्याआधी

शनिवार-रविवारची कार्यशाळा केली की सोमवारी त्याच कपात चहा पिता येईल, हा हिशेबच चुकीचा. चाकावर भांडं अर्ध्या तासात उठतं. मग ते चामड्याइतकं कडक व्हायला एक-दोन दिवस, त्यानंतर तळाची छिलाई म्हणजे ट्रिमिंग, पूर्ण वाळायला आठवडाभर, मग पहिली भाजणी म्हणजे बिस्क, त्यावर ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि दुसरी भाजणी. भट्टी तापून निवायलाच दर वेळी दीड-दोन दिवस जातात. तीन आठवडे धरूनच चला. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: दोन्ही भाजण्या शुल्कात आहेत का, किती नग भाजून मिळतील, आणि भट्टी किती तापमानाला जाते? हे आधी विचारलं नाही की शेवटच्या दिवशी कच्चं भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात मिळतं.

दुसरी चूक उत्साहातून होते. घरची माती पिशवीत भरून आणली जाते. शेतातली काळी माती हाताला चिकट, लोण्यासारखी लागते, म्हणून ती भांड्यालाही चांगली असेल असं वाटतं. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात वावरात पडणाऱ्या भेगा आठवा. भांड्यालाही तशाच पडतात. गणपतीतून उरलेली शाडूही नको, आणि नागपूरच्या चितार ओळीतल्या मूर्तिकामाची माती तर मुळीच नको; मूर्तीच्या मातीत तंतू नाहीतर लगदा कालवलेला असू शकतो, तो चाकावर बोटाला अडतो. कुंभाराची लाल माती मात्र चाकासाठी उत्तम. फक्त ती आव्याच्या, म्हणजे कुंभाराच्या साध्या भट्टीच्या मानाने, साधारण ८०० ते १००० अंशांसाठी असते. स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या कठीण भांड्यांच्या भट्टीत १२०० अंशांच्या वर गेली तर ती फुगते, वितळते आणि खालच्या फळीला चिकटून बसते. ती फळी महाग असते आणि शेजारी दुसऱ्याचंही भांडं असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला मातीकामाची जुनी परंपरा आहे, तिथून माती आणायची असेल तरी ती किती अंशांना भाजायची हे विचारूनच आणा.

बाकी तयारी किरकोळ: नखं कापलेली, अंगठ्या-घड्याळ काढलेलं, केस बांधलेले, ओढणी घरी. मातीची पिशवी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, दुपारपर्यंत तिची वीट होते.

मळणं कंटाळवाणं आहे, तरीही

चाकाकडे धाव घेण्याची घाई सगळ्यांनाच असते. पिशवीतली माती वरून कडक आणि आतून मऊ असते. ती एकजीव झाली नाही तर चाकावर गोळ्याची एक बाजू ऐकते आणि दुसरी ऐकत नाही. पन्नास-साठ वेळा दाबून दुमडा, मग तारेने मधोमध कापून बघा. कापलेल्या भागावर भोकं किंवा रंगाचे पट्टे दिसले तर अजून मळा. टेबल कमरेपेक्षा थोडं खाली असावं. जोर मनगटाचा नको, अंगाचा लागतो. माती हाताला सारखी चिकटत असेल तर ती जास्त ओली आहे. तिला प्लास्टरच्या लादीवर दहा मिनिटं पसरून ठेवा. मे महिन्यात पाच मिनिटांवर नजर ठेवा.

गोळा मध्यावर येईना

पहिल्या दिवसाची रड हीच, आणि तिचं कारण बहुधा हातात नसून बसण्यात असतं. स्टूल चाकापासून लांब असतो, कोपरं हवेत असतात, मग माती हाताला हलवते. स्टूल पुढे ओढा, डावं कोपर मांडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकवा आणि खांद्यातून पुढे झुका. हात भिंतीसारखा स्थिर राहिला तर फिरणारी माती आपोआप त्याच्याशी जुळवून घेते. तिच्या मागे मागे हात नेलात तर ती तुम्हाला नाचवते.

गोळ्याचा आकारही पाहा. मोठा माठ करायचा म्हणून पहिल्याच दिवशी दोन किलोचा गोळा घेणारा माणूस दुपारपर्यंत दमतो. सुरुवातीला ५०० ते ७०० ग्रॅम पुष्कळ. चाकाची थाळी जवळजवळ कोरडी ठेवा आणि गोळा जोरात मध्यभागी आपटा. थाळी ओली असेल तर गोळा घसरून निघतो. मग कडा बोटाने थाळीला चिकटवून घ्या.

वेगाचं गणित असं: मध्यावर आणताना चाक जोरात, भोक पाडताना मध्यम, भिंत वर ओढताना त्याच्या जेमतेम निम्मं. घाबरून सगळंच हळू केलं की माती दर फेऱ्याला वेगळ्या जागी दबते आणि गोळा लंबगोल होतो. दिशा उस्तादांना विचारून घ्या. विजेचं चाक उजव्या हाताच्या माणसासाठी बहुतेक घड्याळाच्या उलट फिरवतात, तेव्हा डाव्या हाताने बाजूने दाबायचं आणि उजव्याने वरून. अनेक चाकांना दिशा बदलायचं बटण असतं. आधीच्या माणसाने ते उलटं करून ठेवलं असेल तर तुमचे दोन्ही हात खोटे ठरतात.

हात काढून घेण्याची चूक मात्र जवळपास सगळेच करतात. गोळा मध्यावर आला की आनंदाने हात झटकन उचलतात आणि तो पुन्हा डगमगतो. एका फेऱ्यापेक्षा जास्त वेळ लावून, हळूहळू दाब सोडा. हा नियम पुढेही कायम आहे.

पाणी, तळ आणि भिंत

पाणी वंगणासाठी असतं, आंघोळीसाठी नाही. दर ओढीआधी हात ओला केला की पुरे. भांड्याच्या पोटात पाणी साचू दिलं तर तळ मऊ पडतो, भिंत खाली बसते आणि पुढे तळाला एस अक्षरासारखी वळणदार चीर पडते. काठीच्या टोकाला स्पंज बांधून ते पाणी टिपत राहा.

ती चीर टाळायचा दुसरा भाग म्हणजे तळ दाबणं. भोक पाडताना खाली ८ ते १० मिलिमीटर माती सोडा. चाक थांबवून सुई टोचा, बोटाने खूण धरा आणि मोजा. मग मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेकडून मध्याकडे तीन-चार वेळा बोटांनी दाब द्या. भिंत दोन हातांत दाबली जाते, तळ कोणीच दाबत नाही. म्हणून तो सैल राहतो आणि वाळताना फाटतो.

भिंत तीन ओढींत उठवा. घड्याळाचा काटा कल्पून तीनच्या जागी हात ठेवा, अगदी थाळीपासून सुरुवात करा. नवशिक्यांच्या कपाचा तळाकडचा भाग वजनदार आणि काठ कागदासारखा असतो, कारण जोर वर गेल्यावर येतो. खाली घट्ट दाब, वर जाताना सैल. प्रत्येक ओढीनंतर काठावर प्लास्टिकच्या पिशवीची ओली पट्टी हलकेच धरा. काठ दाबला जातो आणि उभ्या भेगा कमी पडतात.

माप मोठं घ्या. स्टोनवेअरची माती ओलीपासून भाजेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते. १२ टक्के धरले तर १० सेंटिमीटरचा कप ८.८ होतो. पण तो उंचीत आणि रुंदीत सगळीकडून आकसतो, त्यामुळे ३०० मिलिलिटरचा कप सुमारे २०० वर येतो. घरी गेल्यावर "एवढासा कसा झाला?" हा प्रश्न त्यातूनच निघतो.

उस्तादांसमोर बसल्यावर

सगळा वेळ मोबाईलवर चित्रण करू नका. ते बहुतेकांचं बोटांचं असतं, आणि शिकायचं असतं कोपर, खांदा आणि श्वास. एक ओढ नुसती बघा, दुसरी त्यांच्याबरोबर हवेत हात फिरवून करा, मग आपल्या चाकावर बसा.

"भाऊ, जरा तुम्हीच करून द्या ना" हे वाक्य सर्वांत महाग. भांडं सुंदर होतं, पण हात तिथेच राहतो. त्याऐवजी आपल्या हातावर त्यांचा हात ठेवायला सांगा. किती दाब असतो हे दहा सेकंदांत कळतं. आणि पहिली पाच-सहा भांडी तारेने उभी कापा. आतला भाग बघितल्याशिवाय भिंत कुठे जाड राहिली ते समजत नाही. जीव तुटतो, पण वाचवून ठेवलेल्या जाड कपापेक्षा ते कामाचं. कापलेली माती वाया जात नाही.

नागपूरची हवा आणि ओलं भांडं

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत. काठ दोन तासांत पांढरा पडतो, तळ मात्र ओलाच. वाळलेला भाग आकसतो, ओला आकसत नाही. ओढाताणीत चीर पडते किंवा गोल थाळी वाकडी होते. कूलरची हवा ओलसर असली तरी वारा एकाच बाजूला लागतो, त्यामुळे भांडं त्या बाजूला ओढलं जातं. पंखाही तसाच.

उपाय साधा. काठावर प्लास्टिकची पट्टी आणि वरून सैल पिशवी. पिशवी रोज उलटी करून आतलं पाणी पुसा. काठ वजन पेलेल इतका कडक झाला की भांडं पालथं घाला, म्हणजे तळालाही हवा मिळेल. जाळीच्या फळीवर ठेवलं तर आणखी बरं. मुळात भांडं उन्हात ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरीही ते ठेवलं जातं.

पावसाळ्यात चूक उलटी होते. वरून भांडं कोरडं दिसतं, आतून ओल असते. गालाला लावून बघा: गार लागलं तर अजून पाणी आहे. ते भट्टीत गेलं की शंभर अंशांजवळ पाण्याची वाफ होते आणि भांडं तडकतं. हवेच्या बुडबुड्याने भांडं फुटतं असं सगळीकडे सांगतात, पण फोडणारी खरी वाफ असते. कोरड्या भिंतीतला बुडबुडा बहुतेक वेळा निमूट राहतो. म्हणून पावसाळ्यात भट्टीचं झाकण किंचित उघडं ठेवून ८० ते ९० अंशांवर काही तास काढावे लागतात. उस्तादांना वेळ लागतोय म्हणून कुरकुरू नका.

ट्रिमिंगची वेळही हवेवरच ठरते. नखाने ओरखडा काढला तर सालीसारखी पट्टी निघाली पाहिजे. ओलं असेल तर भांडं दबतं, कोरडं असेल तर भुगा उडतो. तो भुगा श्वासातून जाऊ देऊ नका, त्यात सिलिका असते. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कपाचा कान जोडतानाही तीच अट. कप आणि कान सारखेच ओले हवेत. दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे काढा, त्याच मातीचं सायीसारखं घोळ लावा, दाबा आणि एक रात्र प्लास्टिकमध्ये ठेवा. कोरड्या कपाला ओला कान लावला तर तो वाळताना हमखास सुटतो. सुकलेल्या भांड्याला चीर गेली तर तिच्यात ओला घोळ भरू नका, तो आकसून तिथेच पुन्हा फाटतो. भांडं पूर्ण कोरडं होऊ द्या, फोडा आणि पाण्यात टाका. अर्धवट ओली ढेकळं विरघळत नाहीत, कोरडी झटकन विरघळतात.

ग्लेझ आणि नंतर

पहिली भाजणी सुमारे ९०० ते १००० अंशांची. क्वार्ट्झ ५७३ अंशांला आकार बदलतं, म्हणून तापताना आणि निवताना त्या टप्प्यात घाई नको. भट्टी हात लावण्याइतकी निवेपर्यंत झाकण उघडायला लावू नका. थंड हवेचा झोत भांडं तडकवू शकतो.

तर्री-पोहे खाऊन तेलकट हाताने बिस्क उचललं तर तिथे ग्लेझ मागे सरकतं आणि टक्कल पडतं. हात धुवा, भांड्यावरची धूळ ओल्या स्पंजने पुसा. ग्लेझमध्ये दोन-तीन सेकंदच बुडवा. रंग गडद यावा म्हणून दोनदा बुडवलं तर भट्टीत ते ओघळतं. तळ आणि तळाजवळचे ४-५ मिलिमीटर कोरडे ठेवा, नाहीतर भांडं फळीशी कायमचं चिकटतं. ग्लेझ ढवळल्याशिवाय वापरू नका, जड कण खाली बसलेले असतात.

घोळाचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. बादलीत एक रात्र बसू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची माती परत पिशवीत.

भांडं घरी आलं की त्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी खाली ओल उमटली असेल तर त्यात पेनं ठेवा, चहा नको, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. सच्छिद्र मातीत मुरलेलं पाणी तापून भांडं हाताला चटका देतं.